मुर्दाकाची पोर बसने येत नाही

"बसने जातात त्या विधवा आणि वाट चुकलेले जर्मन," असं इलारिओ मुर्दाका इटलीच्या दक्षिण टोकाच्या आमच्या पेत्राविले गावाच्या चौकात बसून सगळ्यांना ऐकवायचा. तीस वर्षं जंगलखात्यात होता हा माणूस. झाडं किती लावली ते देव जाणे, पण झाडाखाली झोपा मात्र भरपूर काढल्या. त्याचा सगळा रुबाब त्याच्या जुन्या फियाटवर. कुणाचा पोरगा तोरिनोहून येवो, कुणाची भाची जर्मनीतून, हा लामेझियाच्या विमानतळावर हजर! आमच्याकडे रीतच आहे, आलेल्या माणसाला न्यायला कुणीतरी गेलंच पाहिजे. आपलं माणूस विमानतळावरून बसने आलं, तर याच्या घरात कुणी उरलं नाही की काय, असं लोक विचारतात. इलारिओने तर या रीतीचा पार धर्म करून टाकला होता. घाटात निळी बस पुढे आली की हॉर्न वाजवून ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरायचा.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरने त्याचे डोळे तपासले आणि लायसन्स गेलं. ऐंशीला टेकलेल्या माणसाचं लायसन्स गेलं म्हणून काही जगबुडी होत नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जातोय थोडाच! "इंजिनाचं काम निघालंय," असं गावाला सांगून गाडी घरामागच्या शेडमध्ये घातली आणि वर ताडपत्री टाकली. वसंत सरत आला तरी इंजिनाचं काम काही संपेना.

अशात कातेनाचा फोन आला. ही त्याची एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी तिने तोरिनोत चर्चऐवजी नगरपालिकेत सह्या करून लग्न केलं, म्हणून हा शहाणा लग्नाला गेला नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

"बाबा, शनिवारी येतेय. निना चार वर्षांची झाली, तिला आजोबा बघायचेत. एकच रात्र राहू, रविवारी कोसेन्झाला सासरी जायचंय. आम्ही बसने येतो, तुम्ही दगदग करू नका."

"बसने? मुर्दाकाची पोर बसने? लोक माझ्या तोंडात शेण घालतील! मी येतो. मी आल्याशिवाय तिथून हलायचं नाही, सांगून ठेवतो."

"गाडी चालवता अजून?"

"मग काय, गाढव हाकतो?"

फोन ठेवल्यावर म्हातारा स्वयंपाकघरात एकटाच रडला. नातीला बघायला त्याचा जीव तुटत होता, तेवढं मात्र खोटं नव्हतं. बायको गेल्यापासून बंद असलेली खोली त्याने झाडली, धुतलेल्या चादरी घातल्या, दोनदा बदलल्या. आणि शनिवारी कातेना येतेय हे चौकात सगळ्यांना सांगून आला.

आणि बेत काय केला या महाभागाने? चोरून बसने खाली जायचं, दोघींना घेऊन त्याच बसने परत यायचं, गावाच्या खालीच उतरायचं आणि गाडी फाट्यावर बंद पडली म्हणून सांगायचं. तिकीट फक्त विन्चेन्झाच्या बारमध्ये मिळतं. तिच्याकडे तिकीट मागणं म्हणजे गावात दवंडीच, म्हणून गडी बिनतिकिटाचाच निघाला. खाली तेलाच्या घाण्याजवळ, जिथे काळं कुत्रं फिरकत नाही, त्या थांब्यावर लग्नातला कोट घालून उभा राहिला.

हात केल्याशिवाय ही बस थांबत नाही, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इलारिओलाही होतं. वरच्या वळणावर बस दिसली, आणि नेमकी तिच्या पुढेच पाववाल्या चिच्चोची गाडी येऊन याच्याजवळ थांबली.

"काका, इथे उन्हात कुठे? बसची वाट बघताय की काय?"

"बसची? डोकं फिरलंय का तुझं? डॉक्टरने चालायला सांगितलंय."

"कोट घालून?" चिच्चो हसला. "आज कातेना येणार होती ना? मी लामेझियालाच चाललोय पीठ आणायला. बसा, सोडतो."

"उद्या येतेय ती. आणि माझी गाडी आहे, तुझ्या पिठात कशाला बसू?" असं म्हणून इलारिओने दोन्ही हात खिशात घातले. बस भुर्रकन शेजारून निघून गेली. मागोमाग चिच्चोही गेला. काय म्हणावं या माणसाला! देवाने एकाच वेळी दोन गाड्या दारात आणून उभ्या केल्या, आणि याने दोन्ही घालवल्या.

दुपारी, तो अजून घाण्याजवळच असताना, खिशातला फोन वाजला. "बाबा, उतरलो आम्ही. कुठे आहात?"

"निघालोय. घाटात गर्दी आहे."

"इथे आपली बस उभी आहे. मी तिकिटंही घेऊन ठेवलीत. निना कंटाळलीय हो. बसू का?"

हो म्हणायचं होतं त्याला. जिभेवर आलं होतं. पण जीभ कुणाची? मुर्दाकाची!

"खबरदार! आलोच मी."

मग तो घाण्याच्या पायरीवर बसून राहिला. ही पोर कधी बापाचं ऐकत नाही, एवढ्याच आशेवर. तोरिनोला जाऊ नको म्हटलं, गेली. चर्चमध्ये लग्न कर म्हटलं, केलं नाही. आजही ऐकणार नाही, बसमध्ये बसेल, माझीच पोर ती. आयुष्यभर ज्या हट्टाला शिव्या घातल्या, त्याच हट्टासाठी म्हातारा मेरीमातेला हात जोडत होता.

बस परत आली तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

"मरायचंय का आजोबा?"

"एक बाई होती का? बरोबर लहान मुलगी?"

"होती की. दोनदा म्हटलं, बाई, चढा, यानंतर आज गाडी नाही. म्हणाली, वडील निघालेत, त्यांनी थांबायला सांगितलंय."

आयुष्यात पहिल्यांदा पोरीने बापाचं ऐकलं होतं.

त्याने फोन लावला, तिने उचलला नाही. संध्याकाळी निरोप आला. 'बाबा, यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंत. निनाचा काका न्यायला आला, आम्ही कोसेन्झाला चाललो.' त्यानंतर फोन बंद.

अंधार पडताना इलारिओ कोट हातात घेऊन चौकात आला. बारच्या दारात विन्चेन्झा उभीच होती.

"काय हो, कातेना येणार होती ना आज? नात कुठंय?"

"मीच येऊ नको म्हटलं," इलारिओ म्हणाला. "असल्या लग्नाची पोर मला घरात नको."

विन्चेन्झाने कपाळाला हात लावला. आतली माणसं माना हलवून पुन्हा पत्ते पिसू लागली. कुणालाही ते खोटं वाटलं नाही.