पाळकाची सुट्टी

भोरच्या डॉक्टरांनी बजावलं, "पाळकसाहेब, बीपी वाढलंय. आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम करा." मी मोठा शहाणा! रविवारच्या उपासनेत सगळ्यांना सांगून टाकलं, की यापुढं सोमवारी माझी सुट्टी. मंडळी एका सुरात 'आमेन' म्हणाली. माझी केवढी ती काळजी!

सोमवारी सकाळी चहाचा कप तोंडाला लावतोय, तोच मार्गासनीचं एक कुटुंब दारात हजर. "एरवी तुमी गडबडीत असता. आज मोकळे म्हणून आलो." पाठोपाठ उत्रोलीच्या मावशी, सुनेची तक्रार घेऊन. दुपारी एकानं नव्या टेम्पोसाठी प्रार्थना करून घेतली आणि जाताना वर सल्ला दिला, "जरा पडत जा दुपारचं. चेहरा लई उतरलाय." महिनाभरात माझा सोमवार रविवारपेक्षा जड झाला.

पुन्हा तपासायला गेलो, तर बीपी आणखी चढलेलं. डॉक्टर वैतागले. "सुट्टी घेता की नाही?"

"घेतो की. दर सोमवारी."

"अरे वा," ते एकदम खुलले. "मग येत्या सोमवारी आमच्याकडं या ना. आईसाठी जरा प्रार्थना करायची होती."