गंध लागलेला बिल्ला

गुरुमूर्ती रेल्वेच्या डबे-कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या मणक्यात स्क्रू बसवलेले होते आणि डॉक्टरची ताकीद होती: पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, उचललीत तर पाय जातील. जन्मभर लोखंड उचललेला माणूस. रिकामे हात त्याला सोसेनात. म्हणून त्यानं बिल्ले जमवायला घेतले. पल्लावरमच्या शुक्रवारच्या बाजारात भंगाराच्या ढिगात बसायचं आणि रेल्वेच्या जुन्या गणवेशांवरचे पितळी बिल्ले वेचून काढायचे. गार्डाचे, तिकीट तपासनिसाचे, सांधेवाल्याचे.

बिल्ला घरी आला की चिंच आणि राख. यंत्रावर कधी नाही. यंत्र अक्षरं खातं. अंगठ्यानं, अक्षराच्या कडेकडेनं घासायचं. एका बिल्ल्याला अख्खी दुपार जाई.

रेल्वे खासगी कंपन्यांच्या होत्या त्या काळात माणूस नावानं नव्हे, बिल्ल्यावरच्या आकड्यानं ओळखला जाई, असं कारखान्यातली जुनी माणसं सांगत. नोकरी सुटली की बिल्ला परत द्यायचा. तो वितळवला जायचा. मग बाजारात येतात ते कुठले? ते परत न केलेले, असं गुरुमूर्तीनं ठरवलं होतं. म्हणजे ज्यांची पाळी संपलीच नाही त्यांचे.

यंदा आयुधपूजेच्या आधी त्याला हमालाचा बिल्ला मिळाला. साउथ इंडियन रेल्वेचा, दंडाला बांधायचा. मागची बाजू घामानं खाल्लेली. तो घासून झाला तोवर पूजेची वेळ झाली. पाना, हातोडा, कानस पाटावर मांडली होती. बिल्लाही तिथेच राहिला, आणि गंध-कुंकू लावताना हात रांगेनं त्याच्यावरून गेला.

बायको तुळसी दारातून बघत होती. घरात दोघं पूर्वजांनी दक्षिणेत आणलेली जुनी मराठी बोलत. "अहो, त्याला कशाला लाविलांत?"

"लागलें. काय झालें त्यांत?"

"पूजा घेतली त्या आयुधानें दुसरे दिवशीं काम करावें लागतें. लहानपणापासून करतां, ठावें नाहीं?"

"बिल्ला आयुध आहे काय? त्याच्यानें मी काय, नट आवळूं?"

"मला कशाला विचारतां? गंध तुम्हीं लाविलांत."

विजयादशमीला त्यानं पान्यानं एक नट आवळला, कानस दोनदा ओढली, हातोडा एकदा मारला. बिल्ला पुसून काचेच्या पेटीत ठेवला.

आठवड्यानं तो पाठ दाखवायला अण्णा नगरच्या दवाखान्यात गेला. बाकावर बसला होता. एक म्हातारी आली, हातातली बॅग त्याच्या पायाशी ठेवली आणि तमिळमध्ये म्हणाली, "गाडी लागली का रे?" ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. डाव्या दंडाकडे बघत होती. तिची मुलगी धावत आली, बॅग घेऊन गेली, "आईला काही समजत नाही" म्हणाली. पण जाताना मुलीचीही नजर त्याच्या दंडावर थांबली.

मग बसस्टॉपवर एकानं त्याच्यापुढे पोतं टाकलं आणि मागे न बघता चालू लागला. हाक मारली तेव्हा तो दचकला, पोतं उचलून निघून गेला. देवळाबाहेर तेच. प्रत्येक जण आधी दंड बघे. गुरुमूर्ती घरी येऊन सदरा काढून आरशात बघे. दंडावर काही नव्हतं.

एका सकाळी तो पेपर वाचत बसला होता. तुळसी तांदळाची पिशवी ओढत आली.

"ओ पोर्टर," ती म्हणाली. "हें तेवढें आंत घे."

त्यानं वर बघितलं. ती दंडाकडे बघत होती. चेहऱ्यावर ओळख नव्हती, राग नव्हता, काही नव्हतं.

"तुळसी."

"अं?" ती भानावर आली. "काय झालें? अय्यो, ही पिशवी मी इथें कां आणिली?"

त्यानं सांगितलं नाही. पाय जाणार ते जावोत. बायकोनं परका म्हणून बघणं पुन्हा सोसवणार नव्हतं. बिल्ल्याचं राहिलेलं काम करायला त्यानं तो दोरीत ओवला आणि तांबरम स्टेशनला गेला.

फलाटावर बिल्ला बांधून उभा राहिला, तर आता कुणी बघेना. सगळ्यांच्या बॅगांना चाकं. ऊन चढलं. फलाटाच्या टोकाला, जिथं माणसं जात नाहीत, तिथं एक पत्र्याची पेटी होती. जवळ कुणी नव्हतं.

त्यानं पंच्याची चुंबळ केली. उकिडवा बसला, पाठ सरळ, भार मांड्यांवर. जड पेटी एकट्यानं डोक्यावर घेता येत नाही. पलीकडून हात लागतो. त्यानं आपली कड धरली आणि थांबला. पलीकडची कड उचलली गेली.

तो उठला. ओझं असलं की मान वळवता येत नाही, म्हणून त्यानं बघितलं नाही. पुढे चपलांचा आवाज होता. त्यामागून तो चालला, छोटी पावलं, गुडघे सैल. आवाज थांबला तिथं तो थांबला. पेटी डोक्यावरून उतरवून घेतली गेली.

मान वळली तेव्हा पुढे फोन बघत उभी असलेली माणसं होती. पेटी नव्हती. दंडावर नुसती दोरी होती.

घरी तुळसी दारात होती. तोंडाकडे बघून म्हणाली, "अहो, कुठें होतांत? जेवण निवलें."

तो उंबऱ्यावर बसला. हात मागे पाठीवर नेला.

"पाठ दुखती आहे काय?"

"नाहीं."

"अगदीं नाहीं? मग बरें झालें कीं! तोंड कशाला असें करतां?"

कारखान्यानं दिलेलं दुखणं, एक दिवस चुकलं नव्हतं. गुरुमूर्तीनं बोटांनी मणके दाबून बघितले. वरून खाली, मग खालून वर. एवढी पेटी एवढी लांब गेली, म्हणजे कुणाची तरी पाठ कामाला लागलीच. त्याची लागली असती तर दुखली असती. तुळसी पान वाढून हाक मारत राहिली, आणि तो तिथंच बसून दुखणं शोधत राहिला.