दर्यातलं मोठं गिऱ्हाईक

दोन महिने झाले. सकाळी मासळीबाजारात गेले, तर अनुसयामावशींच्या जागी कोणीच नव्हतं. शेजारची सुरमईवाली म्हणाली, "मावशी पहाटे गेली गो…" मी रिकामी पिशवी घेऊन घरी परतले.

मावशी जन्मभर तारली, ती छोटी चंदेरी मासळी, विकत आल्या. आमची ओळख भांडणातून झाली. मी भाव पाडायची आणि त्या मला फैलावर घ्यायच्या. त्या भांडणाची मला रोज आठवण येते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला: तारलीच्या मागे येणारा देवमासा जेवताना बघायचा. "जन्मभर आम्ही दोघं एकाच मालावर जगलो. एकदा त्याचं तोंड तरी बघू दे." मुलगा दत्ता होडीचा मालक, पण बाईमाणूस होडीत चढलं की मासळी रुसते, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. "रुसू दे," मावशी म्हणाल्या, "तिचं नि माझं मी बघून घेईन." आणि बाजारात बसायचा पाट काखोटीला मारून त्या सरळ जेटीवर गेल्या. साक्षीला मला नेलं.

किनारा दिसेनासा झाला, ऊन चढलं, मला उलट्या झाल्या. "आये, फिरूया काय?" दत्ता विचारत राहिला. मावशी पाटावरून हलल्या नाहीत. मग पक्षी एका जागी घिरट्या घालू लागले आणि तारलीने पाणी खदखदायला लागलं. दत्ताने इंजीन बंद करून हात जोडले. आणि खालून तो आला… कुशीवर वळलेला, जबडा सताड उघडा. गळा फुगला, तोंड मिटलं. पाणी बाहेर, तारली आत. बुडी मारून पुन्हा वर, पुन्हा तसंच. मला रडू आवरेना. मावशी मात्र नवं गिऱ्हाईक निरखावं तशा बघत होत्या. "सगळी पाटी उचलली बघ," त्या म्हणाल्या, "आणि भाव पण नाय विचारला. नायतर तू!"

परवा जेटीवर गेले. दत्ताच्या होडीत, पुढच्या टोकाला, तो पाट खिळे मारून पक्का बसवलेला दिसला. बाईचा पाट घेऊन मासेमारीला जातो म्हणून बाकीचे नाकं मुरडतात म्हणे.

"मासळी रुसली तर रे?" मी विचारलं.

दत्ता जाळं होडीत भरत होता. "तिचं नि आयचं त्या बघून घेतील," तो म्हणाला, आणि त्याने इंजीन सुरू केलं.