पानाबाईची अठाई

शिरपूरच्या जवरीलालचं किराणा दुकान मंदिराच्या वाटेवर होतं, आणि गळा असा की अख्ख्या वाटेला ऐकू जावा. बायकोचं, पानाबाईचं, कौतुक तर तो गिऱ्हाइकाला मीठ बांधून देतानाही करायचा. एका पर्युषणात तिनं अठाई केली, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर, तेव्हा या गड्यानं रिसोडहून बॅन्ड आणून तिला गावभर मिरवलं.

तिला तेव्हा क्षयाच्या गोळ्या चालू होत्या, त्या या उपासातच सुटल्या. औषध पोटात गेलं तर उपास मोडेल, असं तिला वाटलं. "आठ दिवसानं काय होते?" असं म्हणाला तो जवरीलालच. पारणं झालं तेव्हा खोकला नव्हता. तपाचं फळ म्हणून दोघंही हरखली आणि गोळ्यांची पुडी कोनाड्यातच राहिली.

पुढं बहात्तरच्या उन्हाळ्यात तिला रक्ताची गुळणी आली. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, रोग आता जुन्या गोळ्यांना जुमानत नाही. सुया घ्याव्या लागतील, पुष्कळ महिने. कान कायमचे जाऊ शकतात, आणि एवढं सोसून बरं वाटेलच असं नाही.

"गोळ्या मधेच सोडल्या होत्या का?" त्यांनी विचारलं. जन्मात कधी गप्प न बसलेला जवरीलाल खाली बघत राहिला.

परतताना एसटीत त्यानं तिचा हात धरला. "सुया घेऊ आपण."

"नाही."

"काहून? तुले जगाचं नाही काय?"

"जगाचं हाये. पन बहिरी होऊन कोपऱ्यात नाही पडाचं. तुमची बडबड आयकल्याबिगर मले करमत नाही जी."

तो रडला, भांडला, पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. शेवटी हरला. जबरदस्ती करायचं तोंड आपल्याला उरलं नाही, हे त्याला कळत होतं.

मग तो दुकान अर्धं टाकून तिच्या उशाशी बसून बोलत राही. भाव, भांडणं, कोणाच्या घरी काय झालं ते. ती ऐकत ऐकत खंगत गेली.

पर्युषण आलं. कोणाच्या तरी सुनेची अठाई वाजतगाजत वाटेवर आली. जवरीलाल खिडकी लावायला धावला.

"राहू द्या ना," पानाबाई म्हणाली. "मायावाला बॅन्ड असाच वाजत होता नं?"

"तुयावाला मोठा होता, पाना."

ती हसली. खिडकी उघडीच राहिली. बॅन्ड दूर जाईपर्यंत ती कान देऊन ऐकत होती, आणि जवरीलालनं आपले कान दोन्ही हातांनी गच्च दाबून धरले होते.