आधी रिकामी गोळी : सुनीती चुरी मॅडम यांच्या साठीनिमित्त

१७ नोव्हेंबर २०१४, सोमवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. डहाणूतल्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बसून मी बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहीत होतो. खरे तर बाटल्या धुण्याच्या कामासाठी आलो होतो. अकरावी झालेली, बारावी अर्धवट सुटलेली. ज्या मॅडमना भेटायचे होते त्या अजून यायच्या होत्या, म्हणून कोणीतरी वेळ घालवायला जुन्या, पुसट चिठ्ठ्या उतरवायला दिल्या होत्या. एकूण बावीस होत्या. एकवीस लिहिल्या. बाविसावीवरचे एक अक्षर लागेना, म्हणून ती कोरी ठेवली.

मॅडम आल्या, चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या आणि कोरी चिठ्ठी उचलून विचारले, "ही का राहिली?" मी म्हणालो, वाचता आली नाही. त्या म्हणाल्या, "मग बरं केलंस. उद्यापासून ये."

चुरी मॅडमची आणि माझी ओळख अशी झाली. या गौरवग्रंथात माझ्याआधी मोठमोठ्या पदव्यांच्या माणसांनी लिहिले आहे. मॅडमच्या संशोधनाबद्दल ते सांगतील. मी पाच वर्षे त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केले, तेवढेच सांगतो.

आमच्या प्रयोगशाळेत आजूबाजूच्या कारखान्यांतून पदार्थ तपासायला येतात. पदार्थाची चिमूटभर पूड पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या मिठासारख्या पांढऱ्या पुडीत घोटायची, यंत्रात दाबून काचेसारखी पातळ गोळी करायची आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडायचे. पदार्थातले अणूंचे वेगवेगळे गट आपापल्या ठरलेल्या आकड्यांवर हे किरण शोषून घेतात. कागदावर त्या जागी रेघ खाली उतरते. त्याला शोषणपट्टा म्हणतात. कोणत्या आकड्यावर, किती खोल आणि किती रुंद उतरली, यावरून आत कोणता गट आहे ते ओळखायचे.

हे सगळे पुस्तकात इंग्रजीत आहे. मॅडमनी मला ते आमच्या भाषेत दिले. त्या म्हणाल्या, "कार्बोनिल म्हणजे विहीर. सतराशेच्या आसपास, अरुंद आणि खोल. हायड्रॉक्सिल म्हणजे आपली डहाणूची खाडी. तेहतीसशे-चौतीसशेला, पसरट." पुढे सहा महिने माझ्या वहीत विहिरी आणि खाड्याच होत्या. चूक असली की मॅडम लाल पेन्सिलीने फक्त टिंब देत, बरोबर उत्तर लिहीत नसत. ते मी शोधायचे. कितीही घाई असली तरी त्यांनी कधी वही न पाहता परत दिली नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. ती लिहू की नको, याचा मी पुष्कळ विचार केला. पण ती वगळली तर मॅडमबद्दलचे खरे काही सांगितलेच नाही असे होईल.

सप्टेंबर २०१६ मधला एक शनिवार. मॅडम कामासाठी मुंबईला गेल्या होत्या. तलासरीजवळच्या एका छोट्या कारखान्यातून नमुना आला. तिथे एका अल्कोहोलपासून कीटोन बनवत. म्हणजे सुरुवातीला खाडी असते, काम पूर्ण झाले की खाडी जाते आणि विहीर येते. गोळी मी केली. मॅडम नाहीत, तेव्हा आपल्या हातून काही उणे राहू नये म्हणून पूड दोन मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे घोटली. आमच्याकडे आई चटणी वाटते तेव्हा हाताला कण लागता कामा नये, हा नियम. मीही तोच लावला. उकडत होते, म्हणून खिडकीशी बसलो होतो. समुद्राचा वारा येत होता.

आलेखात विहीर आली. पण चौतीसशेला खाडीही आली, चांगली रुंद. म्हणजे माल अजून कच्चा, असे मी धरले.

निष्कर्ष लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. पण कारखान्याचे गुजराती मालक स्वतः आले होते. ते म्हणाले, "अरे, फोटो तर काढू दे." मी काढू दिला, आणि त्याआधी आलेखाखाली पेन्सिलीने लिहिले : हायड्रॉक्सिल दिसतो.

सोमवारी सकाळी एसटीच्या थांब्यावर आमच्या पाड्यावरचे रमणकाका भेटले. ते त्याच कारखान्यात रिॲक्टरवर, म्हणजे माल तयार होतो त्या टाकीवर, होते. या वेळी कारखान्यात असायचे, इथे कसे, असे विचारल्यावर म्हणाले, मालकांनी काढून टाकले. माल कच्चा उतरवला, पाळीत झोपला होतास, असा ठपका ठेवला. डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात काम मिळते का बघायला निघालो आहे. मग हलकेच म्हणाले, "आठ तास उभा होतो रे. मुतायला गेलो तेवढाच." कोणत्या कागदावरून हे झाले ते त्यांना माहीत नव्हते. मला माहीत होते. डहाणूपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसलो, पण ते सांगितले नाही.

मॅडम दारातच भेटल्या. सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. आलेख मागितला आणि उभ्या उभ्या पाहिला.

"खरा हायड्रॉक्सिल असता तर अकराशेच्या आसपास कार्बन-ऑक्सिजनचा पट्टा हवा होता. तो कुठाय?"

नव्हता.

"आणि सोळाशे चाळीसला हा खळगा कसला?"

मी वाकून त्या आकड्यावर बोट ठेवले.

"किती वेळ घोटलीस?"

"पंधरा मिनिटं. खिडकीपाशी."

"अरे, गोळी करत होतास की पुरण वाटत होतास?" मग त्या म्हणाल्या, "आता तीच पूड घे, नमुना अजिबात घालू नकोस. तिथेच बस आणि पंधरा मिनिटं घोट."

तशी रिकामी गोळी केली. आलेख आला. आत काहीच नसताना चौतीसशेला तीच खाडी, सोळाशे चाळीसला तोच खळगा. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतले पाणी ओढते. जितके जास्त घोटाल तितके जास्त. मी दोन दिवस ज्याला कच्चा माल समजत होतो, ते समुद्रावरचे बाष्प होते. मग ओव्हनमधली कोरडी पूड घेऊन, खिडकी लावून, दोन मिनिटांत नमुन्याची गोळी केली. विहीर तेवढी उरली. माल पक्का होता.

मॅडमनी माझ्यासमोर मालकांना फोन लावला. चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे, लेखी देते, असे सांगितले. पलीकडून ते म्हणाले, "बेन, कोणा पोऱ्यानं केलं असेल. तुम्ही कशाला नाव लावून घेता?"

"प्रयोगशाळा माझी, तर नाव माझंच. आणि रमणना आज दुपारच्या पाळीला बोलवा. मी येतेय."

त्या खरोखर गेल्या. मलाही नेले. वाटेत फुग्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या रमणकाकांना रिक्षात घेतले. रिक्षात त्यांना सगळे मी सांगायचे, असे मॅडमनी ठरवले होते. मी दोन्ही आलेख मांडीवर ठेवून सांगितले. काकांना आकडे वाचता येत नाहीत, पण ते नीट पाहत राहिले. मग म्हणाले, "हे दोन्ही कागद मला दे. घरी दाखवीन. बायकोसुद्धा म्हणत होती, झोपला असशील." मॅडम हसल्या. माझ्याने हसवले नाही. कारखान्यात मॅडमनी मालकांसमोर काकांची माफी मागितली. साठ कामगार बघत होते, की सहाच होते, मला आठवत नाही. मी खाली पाहत होतो. काका त्या दुपारी पाळीला लागले आणि आजही तिथेच आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी एक रीत घातली. रोज सकाळी पहिली गोळी रिकामी. तिचा आलेख सपाट आला, त्यावर सही झाली, तरच त्या दिवशी नमुन्याला हात लावायचा. ही रीत माझ्यासाठी आहे असे मला वाटले होते. पण मॅडम स्वतःची गोळीही आधी रिकामी करतात. एकदा मी विचारले, तुमच्या हातावर तुमचाही भरवसा नाही का. त्या म्हणाल्या, "हातावर आहे. हवेवर नाही."

त्यांनीच माझा बारावीचा अर्ज भरून घेतला, २०१८ साली मी पास झालो, आणि निकालाच्या दिवशी त्यांनी पेढ्यांबरोबर एक लाल पेन्सिल दिली. आता नव्या मुलींच्या वहीत टिंबे मी देतो. मीही उत्तर लिहीत नाही.

मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. आमची हवा दमट आहे आणि तशीच राहणार, तिच्यात त्यांचे गुडघे, डोळे आणि श्वास बळकट राहोत. शंभरीतही चिंचणीच्या आपल्या घरून डहाणूला त्यांनी आपल्या पायांनी यावे. आज सकाळची रिकामी गोळी मी केली आहे. रेघ सपाट आहे. सही करण्याचा अधिकार त्यांनी गेल्या वर्षी मलाही दिला, पण त्या येणार असतील त्या दिवशी मी तो वापरत नाही. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आहे, आणि नमुन्याच्या बाटल्यांची झाकणे अजून बंद आहेत.