रेवणप्पाचा खिळ्यांचा पट्टा

"सलोत्रीसाब, तुमी निस्तं व्हय म्हणा. बंदूक भरूनच ठिवलोय," कोहिनूर गावचे गुंडेराव पाटील म्हणाले. मी अजून सायकलवरून उतरलोही नव्हतो.

सलोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. निजामाच्या राज्यात आम्हाला हेच नाव होतं. माझी नेमणूक निजामाच्याच मुलखातल्या कल्याण तालुक्यात. माझ्या केसेस बहुतेक बैल-म्हशींच्या. कुत्र्यासाठी कुणी बोलावलंच तर ते असं, शेवटच्या घटकेला.

कुत्र्याचं नाव भैरू. करडा, धिप्पाड. पाटलांनी तो आमराईच्या राखणीला आणला होता आणि त्याला तयार करायला रेवणप्पाला ठेवलं होतं. रेवणप्पा पूर्वी एका जागीरदाराची शिकारी कुत्री सांभाळायचा. त्या सकाळी तो साखळी बदलायला गेला आणि भैरू त्याच्या हाताला कडकडून चावला.

"कालपासनं पाण्याला तोंड लावंना. लाळ गळायलीय," पाटील म्हणाले. "पिसाळलंय, दुसरं काय?"

रेवणप्पा ओट्यावर बसला होता. जखमेवर हळद दाबलेली, चेहरा उतरलेला. मी आधी ती हळद काढायला लावली आणि साबणाच्या पाण्यानं जखम भरपूर धुतली.

"साब, गोळी घालायला सांगा त्याला," तो म्हणाला.

"घालू. पण मग तुम्हाला धोका आहे की नाही, ते कसं कळणार?"

त्याला काही उमगलं नाही, म्हणून नीट सांगितलं. कुत्रा पिसाळलेला असला, तर चावल्यावर आठ-दहा दिवसांच्या आत तो मरतोच. जगला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता. म्हणून अशा कुत्र्याला बांधून नजरेखाली ठेवायचं. आम्ही त्याला ऑब्झर्वेशन म्हणतो. मारून डोकं हैदराबादला तपासणीला पाठवता येत होतं, पण त्या उन्हात ते वाटेतच सडलं असतं.

रेवणप्पा माझ्याकडं बघतच राहिला. "म्हंजे त्यो जगला तर मी जगलो?"

"तसंच समजा. पण तोवर इंजेक्शनं घ्यायची. आजपासूनच."

पाटलांनी बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली.

भैरू गोठ्यामागं कडुलिंबाला बांधलेला होता. मी काठीनं पाण्याचं भांडं पुढं सरकवलं. तो लगेच आला, जीभ बुडवली, घोट घ्यायला गेला आणि कळवळून मागं सरला. पिसाळलेल्या कुत्र्यालाही गिळता येत नाही, म्हणून एवढ्यावरून काही ठरत नव्हतं. पण त्याची नजर शुद्धीवरची होती. पाटलीणबाईंनी नाव घेतलं की शेपटी हलायची. आणि गळ्याभोवती माशा घोंगावत होत्या.

"पट्टा कसला आहे?" मी विचारलं.

 पाटलीणबाईच म्हणाल्या, "आतून खिळं हायत. मी किती डाव म्हणलं, काडा म्हणून. माझं कोण ऐकायलंय?"

आम्ही लांब काठीच्या फासानं त्याला धरलं, अंगावर पोतं टाकलं, जबडा दोरीनं बांधला. हातमोजे घालून मी पट्टा कापला. खिळ्यांची टोकं मांसात रुतली होती. जबड्याखाली लिंबाएवढं गळू झालं होतं. ते फोडलं, पू काढला, लाल औषधाच्या पाण्यानं धुतलं. पू बघून पाटलांनी तोंड फिरवलं.

"रेवणप्पा, ही कसली रीत?" मी विचारलं.

"जागीरदाराकडं समद्या कुत्र्यांना असंच व्हतं, साब. दोन दिस उपाशी ठिवायचं, दोरी हासडली की खिळे टोचायचे. कुत्रं भ्यालं तरच हुकूम ऐकतंय."

"मग आज सकाळी ऐकला का?"



संध्याकाळी पाटलीणबाईंनी ताक ठेवलं. भैरूनं आधी जिभेचं टोक लावलं. मग थांबला. मग लपालपा सगळं संपवलं. मला थोडं हायसं वाटलं, पण रोग नाही, हे सांगायला अजून वेळ होता.

त्यानंतर मी रोज ड्रेसिंगला जायचो. रेवणप्पा कल्याणच्या दवाखान्यात पोटात इंजेक्शन घेऊन यायचा आणि घरी न जाता आधी गोठ्यामागं डोकवायचा. "खाल्लं का त्यानं?" हा त्याचा पहिला प्रश्न. एकदा भैरू दुपारी नुसताच झोपून राहिला, तर हा माणूस भर उन्हात माझ्याकडं धावत आला. "साब, उठंना झालंय ते! चला लवकर!" मी पोचलो तेव्हा भैरू उभा राहून भाकरी खात होता. रेवणप्पा हसता हसता रडायला लागला.

मुदत संपली. भैरू धडधाकट होता. मी रिपोर्टात लिहिलं, 'रोग नाही. पट्ट्यामुळे जखम.' कल्याणच्या डॉक्टरांनी रेवणप्पाची इंजेक्शनं बंद केली. पाटलांनी पट्टा स्वतः पडक्या विहिरीत टाकला आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. इतकं निवांत जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो.

पुढं भैरूला पाटलीणबाईंनी भाकरीच्या तुकड्यावर शिकवलं. आमराईची राखण त्यानं चोख केली. रेवणप्पाला मात्र त्यानं पुन्हा कधी जवळ येऊ दिलं नाही. लांबून पाहिलं तरी गुरगुरायचा. ती तक्रार घेऊन रेवणप्पा माझ्या दवाखान्यात आला.

"येवढी भाकरी टाकतो मी त्याला, साब. आता कामून गुरगुरतंय?"

मी म्हटलं, "रेवणप्पा, जखमेवर औषध होतं, ते मी लावलं. याच्यावर आमच्या दवाखान्यात काही मिळत नाही."