डावखुऱ्याला दिलेलं एक वर्ष

हे मी निखिललाही सांगितलेलं नाही. पोटच्या मुलाला नाही — मग तुला का सांगतेय? तू समोर नाहीस म्हणून असेल. समोर कुणी असलं की माझं तोंड उघडत नाही.

आमच्या पुतण्याने अमेरिकेहून बेसबॉलचा एक खेळ काढला होता. प्रत्येक घराची एक टीम — टीम खोटी, खेळाडू खरे. ते तिकडे जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. सीझन संपला की आपल्या खेळाडूचा करार वाढवायचा, एक ते तीन वर्षं. तीन दिली तर तो स्वस्तात टिकतो. पण मध्येच त्याचा खांदा गेला, तर ओझं आपल्याच गळ्यात. ह्यांचा सगळा जीव त्यात. हात थरथरायला लागल्यापासून टॅबलेटवर बोट मात्र माझं.

आजार कळला तेव्हा ह्यांनीच डॉक्टरांना थांबवलं — मला काही सांगू नका, बायकोला आणि मुलाला सांगा. वर्ष मिळालं तर खूप, असं डॉक्टर म्हणाले. निखिलने मला ते कार पार्कमध्ये मराठीतून सांगितलं. तोंडं पुसून आम्ही लंडनमध्ये हाउन्सलोला घरी आलो. हे विचारत राहिले, जेवायला काय करतेस?

मग तो रविवार. रीडिंगहून धाकटे दीर आणि जाऊबाई आलेले. हे एका डावखुऱ्या पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, अडून बसले. तीन वर्षं दाब, म्हणाले. मी हळूच म्हटलं, अहो, त्याचा खांदा दुखावलाय ना?

ह्यांनी दिराकडे बघून डोळा मारला. "ऐकलंस? चौथी पास बाई मला व्हॅल्यू शिकवतेय! दाब गं मुकाट्याने."

सगळे हसले. मला काय ते नवीन होतं? उभा संसार तेच ऐकत आले. पण त्या दिवशी — जे मी एकटी गिळून बसले होते, ते ह्यांच्यासाठीच ना? आणि हा माणूस तीन वर्षांच्या गोष्टी करतो —

मी एक दाबलं.

चुकून नाही. एकचा आकडा मला वाचता येतो.

ह्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घेतली नाही. ह्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं गेलं. जे कानांवर नको म्हणून डॉक्टरांना थांबवलं होतं, ते मी एका बोटाने सांगून टाकलं. भरल्या घरात, चहाच्या कपांमध्ये.

"अगं बाई, वहिनी, हे काय केलंत?" जाऊबाई म्हणाल्या. मी म्हटलं, मला कुठे इंग्रजी येतं, चुकून दाबलं गेलं. किती सोपं होतं ते! बदलता येईल की, दीर म्हणाले. त्यावर हेच म्हणाले, "राहू दे. एक पुरे."

त्यानंतर ह्यांनी मला कधी हिणवलं नाही. टॅबलेटही मागितला नाही. इतकी वर्षं मला हेच हवं होतं ना?

ह्यांच्या वर्षश्राद्धाला जाऊबाईंनी ती गंमत पुन्हा सांगितली. सगळे हसले. मीही हसले.

डावखुरा अजून खेळतो. खांदा ठणठणीत आहे त्याचा. निखिल म्हणतो, बाबांचं बरोबर होतं, तीनच द्यायला हवी होती.

मी हो म्हणते.